न आलेला ताप

आजारी माणसाला भेटायला जाण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. अमक्याने अंथरूण धरले असे कानावर यायचा अवकाश, की पिशवीत मोसंबी घालून मंडळी निघालीच! मग आजाऱ्याच्या उशाशी बसून, हाच आजार आपल्या साडूला कसा झाला होता, डॉक्टरने तेव्हा काय सांगितले होते आणि ते न ऐकल्यामुळे शेवटी काय झाले, हे सविस्तर निवेदन करायचे. आजाऱ्याचा चेहरा पुरेसा उतरला, की "काळजी करू नका हं" असा धीर देऊन, चहा घेऊन परतायचे. माणूस बरा झाला तर पेढे येतात, सत्यनारायण होतो, डॉक्टरसाहेबांना शाल-श्रीफळ मिळते. हे सारे रीतीला धरूनच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला राहून राहून एक प्रश्न पडतो : जो माणूस यंदा आजारीच पडला नाही, त्याला भेटायला कोणी का जात नाही?

कल्पना करून पाहा. दिवाळीच्या सकाळी शेजारच्या वहिनी हातात नारळ घेऊन दारात उभ्या आहेत आणि म्हणताहेत, "भावजी, तुम्हांला यंदा अर्धांगवायू झाला नाही म्हणे! ऐकून फार आनंद वाटला." आपण त्यांच्याकडे चमकून पाहू, आणि आता वहिनींनाच भेटायला जायची वेळ आली की काय, अशी शंका आपल्या मनात येईल. पण वहिनी बोलल्या त्यात खोटे काय आहे? झटका येता येता राहिला असेल. कोणी सांगावे, रोज सकाळी घेतलेल्या एका बारीकशा गोळीने, पानातून काढून ठेवलेल्या एका पापडाने तो परतवून लावला असेल. पण न आलेला ताप थर्मामीटरला दिसत नाही, आणि न आलेल्या झटक्याची चिठ्ठी कोणी लिहून देत नाही. आरोग्य सांभाळणे हे काम इतके कंटाळवाणे का वाटते, याचे खरे कारण मला हेच दिसते. त्याचे फळ म्हणजे काही न घडणे. आणि काही न घडण्याकडे टक लावून बसण्याइतका धीर माणसाच्या अंगी नसतो.

मी राहतो कासारवाडीला. पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल दापोडी सोडल्यावर आणि पिंपरी येण्यापूर्वी जेथे क्षणभर थांबते, ते आमचे गाव. एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुंबई-पुण्याचा हमरस्ता, मधून आगगाडीचे रूळ, आणि ६ मार्च २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो. जवळच नाशिक फाटा. तेथून नाशिकचा रस्ता भोसरी-चाकणकडे वळतो. सभोवार कारखाने. आमच्या गावाची ओळख आता लोखंडाची, लेथची आणि पाळ्यांची; पण नावात अजून कासार आहे, आणि ते नाव उच्चारले की मला भांडी आठवतात, आणि भांड्यांबरोबर माझ्या लहानपणचा कल्हईवाला आठवतो.

दिवाळीच्या तोंडावर तो आमच्या दारात येई. अंगणाच्या कोपऱ्यात लहानसा खड्डा करून तो भाता लावी. भांडे तापले, की त्यात नवसागराची चिमूट टाकायची; भसकन पांढरा धूर निघायचा; मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने भांडे आतून झपाट्याने पुसून काढायचे, की काळवंडलेले पातेले रुप्यासारखे लख्ख! आम्हां पोरांना ती जादूच वाटे. आईचे लक्ष मात्र जादूकडे नसे. पितळी भांड्याची कल्हई उडाली, की आंबट पदार्थ त्यात कळकतो, आणि कळकलेले ताक पोटात गेले तर माणूस ओकून ओकून हैराण होतो, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून पातेल्याच्या तळाशी पिवळा डाग डोकावू लागला, की ती ते भांडे बाजूला काढून ठेवी आणि मला बजावी, "कल्हईवाल्याची हाक ऐकू आली तर आधी मला सांग रे." कोणी ओकेपर्यंत वाट पाहू या, असे तिच्या मनातही कधी आले नाही. प्रतिबंधक आरोग्य हा भारदस्त शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. तिने फक्त पिवळा डाग ओळखला.

पुढे मी कारखान्यात लागलो, तेव्हा हीच कल्हई मला दुसऱ्या नावाने भेटली. तिला तेथे 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' म्हणत. यंत्र बंद पडल्यावर दुरुस्त करायचे ते 'ब्रेकडाउन'चे काम. त्यात धावपळ असते, आरडाओरडा असतो, आणि रात्रभर जागून यंत्र चालू करून दिले तर साहेबाची पाठीवर थापही असते. यंत्र बंद पडू नये म्हणून जे करायचे, त्यात यांतले काहीच नसते. ठरल्या तारखेला वंगण बदलायचे, पट्ट्याचा ताण पाहायचा, सैल बोल्ट आवळायचे आणि यंत्राला टांगलेल्या कार्डावर सही करायची. यंत्र चांगले चालत असतानाच हे करायचे असते, म्हणून नव्या पोरांना ते उगीचचे वाटते. पण आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या कामगाराला विचारा. तो सांगेल, की कारखाना चालतो तो या उगीचच्या कामावर.

आमच्या देखभाल खात्यात एक मिस्त्री होते. हुद्दा फोरमनचा, पण सारे त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्यांचा कान हा कारखान्यात दंतकथेचा विषय होता. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचे टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून क्षणभर ऐकून ते म्हणत, "ही बया पंधरा दिवसांत रडणार." आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. येत्या गुरुवारी ते बेअरिंग उघडले जाई, आणि आत पाहावे तो खरोखरच गोळ्यांवर बारीक खवले उठलेले! त्यांच्या ताब्यातल्या यंत्रांच्या कार्डावर एक रकाना कधी कोरा राहिला नाही.

वर्षातून एकदा कारखान्यात डॉक्टर येत. वजन, रक्तदाब, लघवी, रक्त, डोळे, असे सारे तपासून होई. बरेचसे लोक ही अर्ध्या तासाची भरपगारी सुट्टी समजत, आणि तपासणीचा कागद घरी विम्याच्या पावत्यांखाली जाऊन पडे. मिस्त्री तर तिकडे फिरकतच नसत. एकदा मी त्यांना म्हणालो,

"मिस्त्री, चला ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"मला काय धाड भरलीय रे? दोन जिने चढतो, गिअरबॉक्स उचलतो. दुखतंय कुठं? दुखल्यावर बघू."

"पण यंत्राच्या बाबतीत तुम्ही दुखेपर्यंत कुठं थांबता?"

ते मोठ्याने हसले. "यंत्र कंपनीचं आहे, बाबा! त्याला काही झालं तर मला जाब द्यावा लागतो. माझा जाब कोण मागणार?"

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एका सकाळी कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता, त्यांचा उजवा हात गळाला. पाठोपाठ पाय गेला, जीभ गेली. रुग्णालयात पट्टा बांधला, तेव्हा रक्तदाब दोनशेच्या वर होता. तो किती वर्षे चढलेला होता, हे कोणालाच सांगता आले नाही, कारण त्याआधी तो कोणी कधी मोजलाच नव्हता.

लोक म्हणाले, नशीब, जीव वाचला. खरे आहे. मिस्त्री त्यानंतर अकरा वर्षे जगले. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसून असत. उजवा हात मांडीवर, जणू दुसऱ्याचा आणून ठेवलेला. मुलीने कॉलेज सोडले, कारण आईला एकटीला त्यांना उठवता येत नव्हते. एकदा मी भेटायला गेलो असता वरचा पंखा किंचित कुरकुरत होता. मला तो ऐकूही आला नव्हता. मिस्त्रींनी डावा हात वर केला, पंख्याकडे बोट दाखवले आणि काहीतरी बोलू लागले. मला कळेना. मुलगी म्हणाली, "बाबांना आवाज अजून कळतो, काका. सांगता येत नाही." त्यांचा जाब मागणारी दोन माणसे त्याच खोलीत राहत होती.

तेव्हापासून आरोग्य या विषयावरचे माझे मत एका बाबतीत पक्के झाले आहे. लोक समजतात, की व्यायाम, पथ्य, तपासण्या हा आयुष्याची लांबी वाढवण्याचा खटाटोप आहे; आणि मग कोणी तरी तत्त्वज्ञ हमखास विचारतो, "शंभर वर्षे जगून करायचे काय?" प्रश्न लांबीचा नाहीच. आहे तेवढे आयुष्य हाती धरून वापरता यावे, एवढाच प्रश्न आहे. आई भांड्याला कल्हई करी ती भांडे शंभर वर्षे टिकावे म्हणून नव्हे. उद्या त्यात कढी करता यावी म्हणून.

पण मिस्त्रींसारखा जाणता माणूस फसला कसा? मला वाटते, यंत्र आणि शरीर यांतला एक फरक त्यांच्या ध्यानात आला नाही. बेअरिंग बिघडू लागले की कुरकुरते, तापते. ऐकणारा कान असला, की झाले. चढलेला रक्तदाब असा कुरकुरत नाही. १४० आणि ९० यांच्या वर तो वर्षानुवर्षे राहतो, आणि माणूस जिने चढत असतो, हसत असतो, "दुखतंय कुठं?" म्हणून विचारीत असतो. रक्तातली साखरही तशीच मुकी. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा ती गुपचूप कुरतडत राहते. येथे स्क्रू-ड्रायव्हर कामाचा नाही. रक्तदाबाचा पट्टा आणि बोटातून काढलेला रक्ताचा थेंब हीच येथली ऐकण्याची साधने. आणि ती दुखण्याच्या नव्हे, तारखेच्या हुकमाने वापरायची असतात. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी दवाखान्यांतून ही तपासणी आता फुकट होते. तेथे रांग असते, हे खरे. पण आपण पेढ्यांसाठीही रांग लावतोच की!

दुखल्यावर बघू, या भरवशालाही एक इतिहास आहे, आणि तो आमच्या शेजारीच घडला. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा देशातला पहिला पेनिसिलिनचा कारखाना. आम्ही त्याला नुसते 'एच. ए. कंपनी' म्हणतो. तोवर जी लस परदेशातून येई आणि श्रीमंतांनाच परवडे — लस म्हणण्याची आपली जुनी सवय. खरे तर ते औषध — ती पिंपरीच्या टाक्यांत तयार होऊ लागली. न्यूमोनियाने आठवड्यात जाणारा घरचा कर्ता पुरुष, चिघळलेल्या जखमेने दगावणारे पोर, बाळंतज्वराने जाणारी बाई, अशी किती माणसे त्या बारक्या कुपीने परत आणली असतील! त्या कारखान्याबद्दल आमच्या भागात अजून एक हळवा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

पण वरदानाबरोबर एक खोड आली. औषध इतके गुणकारी, की आजाराचा धाकच उरला नाही. काहीही होवो, "डॉक्टर, एक सुई मारा" म्हटले की झाले! ज्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलिन शोधले, त्यानेच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात बजावले होते, की हे औषध अपुऱ्या मात्रेत घेत गेले तर जंतू त्याला सरावतील. ते आपण ऐकले नाही, आणि आज सरावलेले जंतू जगभरच्या रुग्णालयांत डॉक्टरांना दाद देईनासे झाले आहेत. पण त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. पूर्वीचे पाहुणे जंतूंबरोबर बाहेरून येत. सुईने ते पळत. आता आमच्या कासारवाडीच्या घराघरांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे पाहुणे मुक्कामाला आहेत. ते घरातच जन्मले, आपल्याच ताटात वाढले. त्यांना हाकलणारी एका आठवड्याची सुई पिंपरीतच काय, जगात कोठेही तयार होत नाही. गोळ्या आहेत, चांगल्या आहेत, आणि डॉक्टरांनी सांगितल्या तर न चुकता घ्यायच्याही आहेत; पण त्या जन्माच्या सोबती.

"मग काय, लहानसहान सवयींनी असले रोग हटतात होय?" असे कोणी विचारील. त्याला मी नारूची गोष्ट सांगतो.

आजच्या मुलांना नारू हा शब्द ठाऊक नाही, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे. आमच्या आधीच्या पिढीने तो भोगला. पायाला फोड येई, फोड फुटे, आणि आतून शेवयासारखा पांढरा किडा डोकावू लागे. लांबी हात-दोन हात. तो ओढून तुटला तर पाय सुजून चिघळे. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. यात आठवडे जात. ऐन पेरणीत घरातली माणसे पाय धरून बसत. या रोगावर लस नव्हती, औषध नव्हते, आजही नाही. किड्याची अळी पाण्यातल्या पिसवेएवढ्या जीवाच्या पोटात असे. ते पाणी प्याले, की सुमारे वर्षाने नारू बाहेर पडे. आणि रोग्याने फुटलेल्या फोडाचा पाय पायविहिरीत बुडवला, की सारे चक्र पुन्हा सुरू. म्हणून उपाय अगदी साधे निघाले : पाणी दुहेरी कापडाने गाळून प्यायचे, नारू झालेल्याने पाण्यात उतरायचे नाही, आणि पायविहिरीऐवजी हातपंप बसवायचा. १९८३-८४ च्या सुमारास देशभर मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एक आख्खा रोग आपण फडक्याने गाळून टाकला!

त्या फडक्याचा कोणी सत्कार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट विलायतेतली आहे, पण ती बसची आहे. आणि बसगाड्यांचा व आमच्या भागाचा ऋणानुबंध जुना. नाशिक फाट्याजवळ सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही १९६७ साली स्थापन झालेली संस्था आहे. गाड्या कशा चालवाव्यात आणि राखाव्यात याचे शास्त्र तेथे चालते. त्याच्याही आधी, लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी गाडीपेक्षा गाडीवरच्या माणसांकडे पाहिले. तेथल्या दुमजली बसवर दोन माणसे असत. एक चालक, एक वाहक. राहणी सारखी, वेळ सारखा, गाडी एकच. फरक एवढाच, की चालक दिवसभर बसून, आणि वाहक तिकिटे फाडीत दिवसभर जिना चढ-उतार करणारा. १९५३ साली मॉरिस यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा बराच कमी होतो. त्या वाहकांनी आखाड्यात जोर काढले नव्हते, की पहाटे उठून सूर्यनमस्कार घातले नव्हते. कोणी मुद्दाम आरोग्य कमवायला गेलेच नव्हते. ते तिकिटे फाडीत होते, आणि बसचा जिना त्यांच्या हृदयाला वंगण घालीत होता. मॉरिस स्वतः २००९ साली वारले, तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचे होते.

तेव्हापासून आमच्या मेट्रो स्थानकावरचे जिने मला निराळे दिसतात. रुळांवर पोचायला वर चढावे लागते. सरकता जिना आहे; त्याच्यापुढे तरणीताठी माणसे दाटीने उभी असतात. बाजूचा दगडी जिना रिकामा. व्यायामशाळेचे महिन्याचे पैसे भरून तेथल्या यंत्रावर जागच्या जागी चढणारी माणसेही मी पाहिली आहेत. तीच माणसे येथे सरकत्या जिन्याची वाट पाहतात. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, हा त्यांचा नेम. त्यांना कोणी सांगावे, की हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली एका जपानी पाऊलमोजणी यंत्राला दिलेल्या नावातून आला! त्याच्या निम्म्या पावलांनीही शरीराचे भले होऊ लागते. आकडा चुकला म्हणून सारा दिवस फुकट गेला, असे मानून खुर्चीत बसून राहण्याचे कारण नाही.

आता उरला प्रश्न तो आजोबांचा. आरोग्याचा विषय निघाला, की बैठकीतला कोणी तरी आजोबांना पुढे करतोच. "आमचे आजोबा रोज विड्यांचे बंडल ओढत, नव्वद वर्षे जगले." असतील. वाहनांकडे न पाहता नाशिक फाटा ओलांडणारी माणसेही रोज पलीकडे पोचतात. म्हणून आपण मुलांना तसे शिकवीत नाही. शिवाय जे पलीकडे पोचले नाहीत, ते बैठकीत सांगायला येत नाहीत. नव्वदीच्या एका आजोबांची गोष्ट घरात सांगितली जाते; पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या त्यांच्या भावाचा नुसता फोटो असतो.

आमच्या पट्ट्यात तर विडीपेक्षा मळलेल्या तंबाखूचे राज्य. रात्रपाळीत झोप आवरायला एकाने डबी काढली, की चौघांचे तळवे पुढे होतात. त्यात मैत्री असते, विसावा असतो, हे मला ठाऊक आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली. पण तळव्यावर बंदी कोण घालणार? ज्याची सवय सुटत नाही, त्याने निदान आठवड्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहावे. गालात, जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा दिसला, तीन बोटे उभी आत जाईनाशी झाली, की त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जावे. हा भांड्याच्या तळाचा पिवळा डाग आहे. तो दिसला त्या दिवशी कल्हई होते. नंतर भांडेच जाते.

हे सारे लोकांना ठाऊक नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. अभय बंग यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. ज्ञानाची तर त्यांच्याकडे वाण नव्हती! पुढे त्यांनी स्वतःच्या राहणीची उलटतपासणी करून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, आणि ते घराघरांत वाचले गेले. ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे यांत एक लांब रस्ता आहे. डॉक्टरलाही तो पायीच चालावा लागतो.

आणि तो रस्ता सगळ्यांना सारखा सपाट नसतो, हेही मान्य केले पाहिजे. आठवड्याआड पाळी बदलणाऱ्याला "रात्री दहाला झोपा" म्हणून सांगणे सोपे आहे. दोन बसगाड्या बदलून कामावर जाणाऱ्या बाईने सकाळी फिरायला केव्हा जावे? ज्या रस्त्याच्या पदपथावर दुचाकी उभ्या आहेत, तेथे चालण्याचे माहात्म्य कोणाला सांगावे? नारूच्या गोष्टीतच याचे उत्तर आहे. पाणी गाळणे हे घरातल्या बाईचे काम होते. पण पायविहीर बंद करून हातपंप बसवणे हे सरकारचे काम होते. एकाने केले आणि दुसऱ्याने केले नसते, तर नारू अजून आपल्या पायांत असता. माणसाने आपल्या ताटातले मीठ पाहावे, आणि गावाने आपले पदपथ पाहावेत; कारखान्याने धूर, धूळ आणि गोंगाट पाहावा. एकमेकांकडे बोट दाखवीत बसलो, तर रोगाला दोन्ही घरे मोकळी.

माझ्या स्वतःच्या सवयी सांगण्यासारख्या थोर नाहीत. शास्त्र सांगते, की माणसाला दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा लहान चमचाभर, पुरे. आपल्या पापड-लोणच्याच्या घरात ते कधीच ओलांडले जाते. म्हणून आमच्याकडे पानात वाढून घ्यायचे मीठ बंद आहे, आणि लोणच्याची बरणी टेबलावरून फडताळात गेली आहे. ती उघडायची तर उठावे लागते, आणि माझ्या आळसाचा असा प्रथमच काही उपयोग झाला आहे. गुडघे "हो" म्हणतात तोवर मेट्रोचा दगडी जिना. रोज अर्धा तास पवनेच्या बाजूने चालणे. पावसात ते घरातल्या घरात, आणि त्यावरून घरात होणारी थट्टा मुकाट्याने ऐकणे. चकलीचा त्याग मी केलेला नाही. दिवाळीच्या चार दिवसांनी माणूस बिघडत नाही. तो बिघडतो तो दिवाळी ते दिवाळी यांच्या मधल्या दिवसांनी.

आणि एक कार्ड. मिस्त्री यंत्राला टांगीत तसेच, पुठ्ठ्याचे, सुतळी ओवलेले. ते मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवले आहे. त्या कॅलेंडरवर दुधाचे हिशेब असतात, गॅस केव्हा लावला ते असते, कामवाल्या बाईंचे खाडे असतात; तर मग घरातल्या माणसांच्या तारखा का नसाव्यात? रक्तदाब महिन्यातून एकदा. साखर, डोळे, दात यांच्या तारखा डॉक्टरांनी सांगितल्या तशा. घरातल्या प्रत्येकाचा एक रकाना. रकाना भरला, की सही करायची. पहिल्या महिन्यात सगळे हसले. आता सूनबाई तारीख टळली तर मला हाक मारतात, "बाबा, तुमची सही राहिलीय." जाब मागणारे कोणी तरी लागतेच माणसाला.

त्या कार्डावर वाचण्यासारखे काही नाही. आकडे जवळपास तेच ते. शेरा लिहायच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "ठीक" एवढाच शब्द आहे, आणि दोन ओळींखाली पुन्हा तोच शब्द. वर्षभरात आमच्या घरी काय काय घडले नाही, त्याची ती नोंद आहे. यंदाच्या दिवाळीत आपल्याही घरी नवे कॅलेंडर येईल, खिळा असेलच. पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि वीतभर सुतळी, एवढेच पाहिजे.